भांडण तुमचं, उपास माझा

आमच्या हळदीच्या कारखान्यात भांडण कुणाचंही असो, रुसायच्या मात्र विहीणबाई. ज्यांचं भांडण त्या दोघी एकमेकींच्या सात पिढ्या उद्धरून मोकळ्या व्हायच्या, आणि ज्यांचा त्या भांडणाशी काडीचा संबंध नाही अशा विहीणबाई पदर कपाळापर्यंत ओढून, भरलेल्या पोत्यांच्या थप्पीकडे तोंड करून, सगळ्या जगाला पाठ दाखवून बसायच्या. नवीन माणसाला वाटायचं, म्हातारीला कुणीतरी टाकून बोललं असणार. जुनी माणसं मात्र निश्चिंत व्हायची. विहीणबाई रुसल्या म्हणजे भांडण फार तर जेवणाच्या सुट्टीपर्यंत टिकणार, हे त्यांना ठाऊक असायचं.

हिंगोलीहून नरसीच्या रस्त्याला लागलं की थोड्याच अंतरावर आमचा कारखाना. वाळलेली हळद घ्यायची, निवडायची, मोठ्या ड्रममध्ये घोळून चकचकीत करायची आणि पोती शिवून पाठवायची, एवढाच उद्योग. मी ऑफिसात. हजेरी, काट्याच्या पावत्या, व्यापाऱ्यांचे फोन आणि शेठ चिडले की त्यांच्यासाठी चहा सांगणं, ही माझी कामं. पलीकडे पत्र्याच्या लांब शेडमध्ये बायका निवडीला बसायच्या. हळकुंडं एकीकडे, जेठे गड्डे, म्हणजे मूळचे जाड कंद, दुसरीकडे, खडे-काड्या तिसरीकडे. अर्ध्या हळकुंडाने पिवळं होण्याची म्हण ज्याने काढली, त्याने ही शेड पाहिली नसणार. इथे बायकांचे हात, पदर, डब्यांच्या पिशव्या, मोबाइलची कव्हरंसुद्धा पिवळी असायची, आणि तोरा म्हणाल तर कुणालाच नाही. तोरा फक्त शेठना, आणि ते तर शेडमध्ये पाऊलही सांभाळून टाकायचे.

या शेडच्या मुकादम म्हणजे विहीणबाई. खरं नाव कौसाबाई. माहेर साखऱ्याचं. "साखऱ्याची हाय म्हनून गोड असंल असं वाटलं का तुमाला?" पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं होतं. "न्हाई. कोरडवाहू गाव हाय आमचं." विहीणबाई हे नाव त्यांना शेठनीच दिलं. एका दसऱ्याला पूजा झाल्यावर शेठनी पेढे वाटायला ऑफिसकडून सुरुवात केली आणि शेडचा नंबर शेवटी आला. कौसाबाईंनी पेढा घेतलाच नाही. शेठ वैतागून म्हणाले, "काय हो, विहिणीसारखं रुसता!" बाई म्हणाल्या, "मंग विहीनच समजा. लेकी दिल्यावानी बाया दिल्यात मी तुमच्या शेडला." शेठही काही कमी नाहीत. ते म्हणाले, "अहो, लेक देणाऱ्याने रुसायचं नसतं, रुसायचं मुलाकडच्यांनी." त्यावर कौसाबाई म्हणाल्या, "त्यो जुना कायदा. हितं लेकीवालीच रुसनार." तेव्हापासून हमालांपासून ट्रकवाल्यांपर्यंत सगळ्यांच्या त्या विहीणबाई झाल्या.

त्यांच्या रुसण्यात एक बेत असायचा, तो मला कळायला बरेच दिवस लागले. दुपारी बायका गोल करून जेवायला बसायच्या आणि पहिला डबा विहीणबाईंचा उघडायचा, अशी रीत पडलेली. त्यांच्या डब्यात बहुतेक रोज येसर, म्हणजे भाजलेल्या डाळी-मसाल्यांची झणझणीत आमटी, असायचं, आणि त्या येसराचा वास ड्रमच्या धुळीतूनसुद्धा वाट काढत ऑफिसात यायचा. भांडण झालं की त्या डबा उघडत नसत. विहीण उपाशी, म्हणजे पंगत उपाशी. तिकडे भाकरी वाळताहेत, इकडे पोटात कावळे ओरडताहेत, असं झालं की सगळ्या बायका मिळून भांडणाऱ्या दोघींच्या मागे लागायच्या: "जावा गं, काढा तिचा रुसवा. तुमच्यापायी आमाला काहून तकलीफ?" एकटी कुणी गेली तर विहीणबाई वळून बघत नसत. दोघींनी मिळून गेलं पाहिजे. आणि मिळून जायचं तर आधी आपापसांत बोललं पाहिजे. "भांडन मिटवाया जाऊ नये, म्याडम," त्या मला म्हणायच्या. "भांडनाला भूक लावावी."

दोघी गेल्या तरी काम लगेच होत नसे. पी हळद अन् हो गोरी हा प्रकार विहीणबाईंना हळदीच्या कारखान्यातसुद्धा चालत नसे. एकदा मथुरा आणि शांता यांची पंख्यावरून जुंपली. मथुरा हिंगोलीजवळच्याच गावची, शेडमधली सगळ्यात जुनी निवडणारी, जिभेने तिखट. शांता तांड्यावरची, आपल्याबरोबर तांड्यातल्या चार-पाच बायका घेऊन येणारी, आणि ती मथुरेला एकही शब्द उधार ठेवत नसे. पंखा मथुरेकडे फिरवला की धूळ शांताच्या डोळ्यांत जायची, शांताकडे फिरवला की मथुरा घामाघूम. सकाळभर पंखा गरगर मान फिरवत राहिला आणि या दोघी गरगर भांडत राहिल्या. विहीणबाई रुसल्या. दुपारी दोघी मान खाली घालून आल्या, तर म्हणाल्या, "विहिनीचा रुसवा उखान्याबिगर निघत नसतो."

"नवऱ्याचं नाव घेऊ?" शांताने विचारलं.

"नवऱ्याशी भांडली व्हय तू? जिच्याशी भांडली तिचं घे."

शेड हसून लोळायची वेळ आली. शांताने थोडा विचार केला आणि म्हणाली, "पोत्यावर पोतं, पोत्याला टाका, मथुराबाईचं नाव घेते, आता तरी भांडन झाका." मथुरा कशाला मागे राहते? "हळदीचा डाग, धुतला तरी निघंना, शांताचं नाव घेते, तिच्याबिगर करमंना." मग विहीणबाईंनी डबा उघडला. पंखा थप्पीवर उंच ठेवायचं ठरलं आणि तो दोघींनाही लागेनासा झाला, पण त्याबद्दल कुणाची तक्रार आली नाही.

गड्यांच्या भांडणातही त्या अशाच रुसायच्या. पोती उचलणाऱ्या हमालांची एक जोडी एकमेकांशी बोलेनाशी झाली होती. पोतं तर दोघांनी मिळून उचलावं लागतं, म्हणून 'हं' एवढाच एक शब्द शिल्लक ठेवलेला. विहीणबाईंनी आठवडाभर त्यांच्या वाटचं येसर बंद केलं आणि पाठ फिरवली. शेवटी दोघं आले, तर त्यांना उखाणा कुठून येणार! त्यांनी एकमेकांना टोपी घालावी, असं ठरलं. त्यातल्या एकाचं डोकं इतकं मोठं, की टोपी वरच तरंगत राहिली, आणि दुसऱ्याला हसू आवरेना. मिटलं भांडण.

माझ्यासाठीही त्या एकदा रुसल्या होत्या, म्हणून मला हे जास्त लिहावंसं वाटतं. एका पावतीवर वजन चुकलं म्हणून शेठ माझ्यावर काट्याजवळ, ट्रकवाल्यांसमोर ओरडले. चूक माझी नव्हतीच. मी डोळे पुसत ऑफिसात येऊन बसले. थोड्या वेळाने शेठनी मला केबिनमध्ये बोलावून, दार लोटून, "जाऊ द्या हो" असं काहीतरी पुटपुटून टाकलं. पण तोवर विहीणबाई थप्पीकडे तोंड करून बसल्या होत्या. शेठ स्वतः चहाचा ग्लास घेऊन गेले. विहीणबाई म्हणाल्या, "मला काहून? तिला बोलवा. चारचौघांत गेलेला मान दार लावून परत येत न्हाई, शेठ." शेठनी मला शेडमध्ये बोलावून सगळ्यांसमोर "म्याडम, चूक माझी होती" म्हटलं. कान लाल झाले होते त्यांचे. मला त्या दिवशी शेठही आवडले आणि विहीणबाईंवर तर माझा जीवच जडला.

पाहायला गेलं तर त्या ठेंगण्या, काटक, कपाळावर गोंदणाचा हिरवट ठिपका आणि बाकी काही नाही. नवरा जाऊन खूप वर्षं झाली होती. मुलं लहान होती तेव्हापासून त्या या ना त्या हळदीत हात घालून बसलेल्या. स्वतःच्या दुःखाबद्दल त्या कधी बोलायच्या नाहीत. मात्र संक्रांतीला शेडमध्ये हळदी-कुंकू असायचं, त्या दिवशी त्यांना टोकाच्या कोपऱ्यात पोत्यांच्या शिवणी तपासायचं काम हटकून निघायचं. मी ते पाहायची, आणि त्याचा विचार मात्र करायची नाही. आपण अशा गोष्टींचा विचार करत नाही.

एका वर्षी संक्रांतीला 'तिळगूळ घ्या, गोड बोला' म्हणतानाच आमच्याकडे सगळ्यात मोठं भांडण झालं. शेडमध्ये धूळ फार, म्हणून सगळ्या बायका नाकातोंडावरून रुमाल गच्च बांधतात. दिसतात ते फक्त डोळे आणि कपाळ. मथुरा सगळ्यांत जुनी सवाष्ण, म्हणून करंडा तिच्या हातात. ती रांगेतून भराभर पुढे जात होती. कपाळावर टिकली दिसली की हळद-कुंकू लावायचं आणि तिळगूळ द्यायचा. टिकली नसली की नुसता तिळगूळ ठेवायचा. कोपऱ्यात शिवणी तपासत बसलेल्या विहीणबाईंच्या हातावर तिने नुसता तिळगूळ ठेवला. आणखी दोघींच्या हातावर तसाच ठेवला. आणि शांताच्या हातावरही नुसता तिळगूळ ठेवून ती पुढे गेली.

शांताच्या कपाळावर टिकलीच्या डिंकाने पुरळ उठलं होतं. डॉक्टरांनी चार दिवस काही लावू नका म्हणून सांगितलेलं. तोंड बांधलेलं, कपाळ मोकळं. मथुरेने माणूस पाहिलंच नाही. शांताने हातातल्या तिळगुळाकडे पाहिलं, रुमाल ओढून काढला आणि ती किंचाळलीच. "माझा नवरा तिकडं गुजरातेत गाडी चालवून राहिला, अन् हितं हिनं मला जित्यापनी रांडमुंड केलं! एवढा मोठा अपशकुन!"

मथुरा आधी ओशाळली. तिने लगेच कुंकू लावलं असतं तर गोष्ट तिथेच संपली असती. पण सगळ्यांसमोर ओरडा झाला म्हणून तिचीही जीभ सुटली. "सनासुदीचं रिकामं कपाळ घिऊन बसती, अन् मला बोलती? असली अवदसा घिऊन आल्यावर मान्सानं काय समजावं?"

शांताने तिळगूळ खाली ठेवला, पिशवी उचलली आणि ती निघाली. तांड्यातल्या बायका तिच्यामागे निघाल्या. सगळ्यांनी विहीणबाईंकडे पाहिलं. आता त्या पाठ फिरवून बसणार, आणि मग सगळं ठीक होणार. पण त्यांनी पाठ फिरवली नाही. त्या पोत्याची शिवण तपासत राहिल्या. दुपारी त्यांनी डबाही उघडला आणि येसर सगळ्यांना वाढून टाकलं. शांता गेली तरी विहीणबाई रुसल्या नाहीत, याचं सगळ्यांना नवल वाटलं. त्या स्वतः जेवल्या नव्हत्या, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी तांड्यावरची एकही बाई आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. जुना माल निवडून लवकर पाठवायचा होता आणि शेडचा एक कोपरा रिकामा. शेठ मला म्हणाले, "विहीणबाई अजून रुसल्या कशा नाहीत? सांगा त्यांना, रुसा म्हणावं." मग गंभीर होऊन म्हणाले, की सोमवारपर्यंत त्या आल्या नाहीत तर दुसऱ्या ठेकेदाराच्या बायका घ्याव्या लागतील, आणि एकदा घेतल्या की काढता यायच्या नाहीत. शांता आणि तिच्याबरोबरच्या बायका आमच्याकडे येण्याआधी दरवर्षी लेकराबाळांसकट ऊसतोडीला जायच्या. इथलं काम लागलं तशी त्यांची लेकरं वर्षभर एका शाळेत बसू लागली होती. कपाळावरच्या एका ठिपक्यावरून ते सगळं मोडणार होतं. मला शेठचा रागही येत नव्हता, कारण माल खरंच पडून होता.

मथुराही मनातून खचली होती. शनिवारी ती विहीणबाईंजवळ जाऊन बसली. मी हजेरी घ्यायला तिथेच उभी होते.

"विहीनबाई," ती म्हणाली, "तुमी रुसा ना. तुमी रुसल्या की मी तिला बोलवायला जाते. आपून होऊन कसं जाऊ?"

"रुसलेच हाय मी."

"मंग पाठ कुठं फिरवली तुमी?"

"पाठ फिरवून रुसायचं ते तुमच्यासाठी असतंय, बाई. ह्यो रुसवा माझा हाय." त्या हातातलं हळकुंड साफ करत राहिल्या. "तिला रिकामं कपाळ म्हंजी अपशकुन वाटला. तुला अवदसा वाटली. मी तिथंच बसले व्हते, मथुरा. रोज माझ्या डब्यातलं खाता दोघीबी. माझं कपाळ दिसलं न्हाई व्हय तुमाला?"

मथुरेने तोंडावर पदर घेतला. मी हातातल्या हजेरीकडे बघत राहिले.  इतकी वर्षं आम्ही त्यांचं रुसणं पाहत आलो, हसत आलो, आणि त्या पहिल्यांदा खरोखर रुसल्या तेव्हा कुणाला पत्ताच लागला नाही.

त्याच दुपारी मथुरा माझ्या स्कूटीवर मागे बसून तांड्यावर आली. शांता दारात तुरीच्या शेंगा सोलत होती. मथुरेला पाहून तिने मान वळवली. "माफी मागाया आली असशील तर जा. मालकाला फोन केला व्हता मी. ते हसून राहिले. म्हनाले, मी जित्ता हाय, तू जा कामाला. त्यांना काय कळतंय!"

"माफी मागाया न्हाई आले," मथुरा म्हणाली. "विहीनबाई रुसल्यात. आपल्या दोघीवर. खऱ्याच."

"माझ्यावर काहून? मी काय केलं त्यांना?"

मथुरेने सांगितलं. विहीणबाईंचे शब्द जसेच्या तसे. शांताच्या हातातली शेंग तशीच राहिली. मग ती हळूच म्हणाली, "मी असं कसं बोलले गं? त्या तिथंच व्हत्या." थोड्या वेळाने तिने आत जाऊन पाणी आणलं, आधी मला दिलं आणि मग मथुरेला. आम्ही निघालो तेव्हा ती फक्त एवढंच म्हणाली, "सोमवारी येतो आमी."

सोमवारी सकाळी काम सुरू व्हायच्या आधी दोघी मिळून विहीणबाईंसमोर जाऊन उभ्या राहिल्या. उखाण्याची कुणाला आठवणही झाली नाही. मथुरेच्या हातात करंडा होता. "विहीनबाई, चुकलं आमचं," ती म्हणाली आणि तिने कुंकवात बोट बुडवलं. शांता नुसती विहीणबाईंच्या पायाशी बसली.

विहीणबाईंनी मथुरेचं मनगट धरलं. मला वाटलं, आता त्या नको म्हणणार. "कुंकू राहू दे," त्या म्हणाल्या. "ते त्यांच्यासंगट गेलं. मी त्याच्या मागं लागले न्हाई. हळद लाव. हळद माझी हाय. सारा जल्म गेला माझा हळदीत."

मथुरेने हळद लावली. मग शांताने लावली. मग बाकीच्या बायका एकेक करून आल्या, आणि विहीणबाईंचं कपाळ भरून हळद गालांवर आली. आणखी ज्या दोघींना नुसता तिळगूळ मिळाला होता, त्यांनाही शांताने आपल्या हाताने हळद लावली. मी रडत होते, आणि रडताना मला फार बरं वाटत होतं. शेवटी मथुरा शांतासमोर आली आणि दोन बोटं करंड्यात घालून म्हणाली, "आता तुला भरभरून कुंकू लावते." शांता घाईने मागे सरकली. "नको नको, अजून खाजतंय! नुसती हळदच लाव." हसता हसता विहीणबाईंना ठसका लागला. त्या दिवशी पंगत उशिरा उठली आणि शेठ काही बोलले नाहीत.

तेव्हापासून आमच्याकडे संक्रांतीला रांगेत सगळ्यांना हळद लागते. ज्यांना कुंकू लावायचं त्या आपापसांत लावतात. पुढच्या वर्षी विहीणबाईंचे गुडघे ऐकेनासे झाले तशा त्या घरी बसल्या. गाव नरसीच्या अलीकडेच, मुलगा-सून चांगली, अंगणात नातवंडं. मुकादमकी आता शांताकडे आहे. भांडणं होतात, ती व्हायचीच. एकदा मी विहीणबाईंसारखं रुसून पाहिलं. थप्पीकडे तोंड करून बसले, डबा उघडला नाही. सगळ्या जेवून उठल्या तरी कुणी बोलवायला आलं नाही. शेवटी शांता येऊन म्हणाली, "म्याडम, आज एकादशी हाय व्हय?" रुसायलाही अंगात काहीतरी असावं लागतं.

मागच्या उन्हाळ्यात मथुरेच्या मुलीचं लग्न झालं. हळदीच्या दिवशी मांडवात पाटावर नवरी बसलेली, सवाष्णी जमलेल्या, आणि मथुरा कुणालाच हळदीला हात लावू देईना. ती आणि शांता मांडवाच्या मागे गेल्या आणि विहीणबाईंना दोन्ही बाजूंनी धरून घेऊन आल्या. "पयली हळद यांच्या हातची," मथुरा म्हणाली. मुलीच्या आत्यांमध्ये कुजबुज सुरू झाली. पण सगळ्यांत जास्त घाबरल्या त्या विहीणबाईच. त्या हात पदराखाली लपवत म्हणाल्या, "न्हाई गं. सोताच्या कपाळाला लावली ती येगळी गोष्ट. हे लेकराच्या जल्माचं काम हाय. माझ्या हातानं काही वंगाळ झालं तर?"  ज्या गोष्टीवरून त्या आमच्यावर रुसल्या होत्या, ती गोष्ट त्यांच्या स्वतःच्या मनातही बसलेली होती. हे मला तेव्हा कळलं. नवरीनेच त्यांचा हात पदरातून ओढून हळदीच्या ताटात बुडवला. त्यांनी पायांना लावली, गुडघ्यांना लावली, खांद्यांना लावली, आणि गालांपर्यंत आल्यावर थांबून मथुरेकडे पाहिलं. मथुरा म्हणाली, "लावा."

नंतर मथुरेने मला सांगितलं, की विहीणबाई सुनेकडून फोन लावून घेऊन दर चार-आठ दिवसांनी एकच गोष्ट विचारतात: "पोरगी बरी हाय ना? जावई नीट हाय ना?" मुलीला दिवस गेले तशी ती चौकशी आणखी वाढली. डोहाळजेवणाला बोलावलं तर आल्या नाहीत, गुडघ्यांचं कारण सांगितलं.

गेल्या आठवड्यात मी ऑफिसात पावत्या करत असताना त्यांचा फोन आला.

"म्याडम, पोरगी मोकळी झाली. लेक झाली तिला. दोघीबी बऱ्या हाईत."   मग अगदी लहान आवाजात म्हणाल्या, "म्हंजी, माझा हात वंगाळ न्हाई ना?"

मी म्हटलं, "नाही हो, विहीणबाई. कधीच नव्हता." 

"मथुरा म्हनती, बारशाला बाळ पाळन्यात मीच घालायचं," त्या म्हणाल्या. "जाते म्हनलं." आणि मग जरा लाजून, जरा घाबरून त्यांनी विचारलं, "सुनेनं हिरवं लुगडं आनलंय. नेसलं तर चालंल का?"

"हिरवंच नेसा," मी म्हणाले.